कार्बाईनसाठी फ्री-फ्लोट हँडगार्डची निवड : एक तांत्रिक विवेचन

प्रस्तावना :
मराठवाड्यातील अनेक महाविद्यालयांतून सैन्यशास्त्र हा विषय शिकविला जातो. नांदेड जिल्ह्यातील मुदखेड येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे, तर लातूर जिल्ह्यातील चाकूर येथे सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. आपले अनेक विद्यार्थी पदवीनंतर याच दलांच्या भरतीसाठी उभे राहतात. तथापि शस्त्राच्या रचनेचा नेमबाजीवर काय परिणाम होतो, याविषयी मराठीत फारसे लेखन आढळत नाही. ही उणीव अल्पांशाने भरून काढावी, या हेतूने प्रस्तुत लेखात कार्बाईनच्या हँडगार्डचा विचार केला आहे.

एका राष्ट्रीय छात्र सेना शिबिरातील अनुभव येथे नमूद करावासा वाटतो. सकाळी उत्तम गट साधणाऱ्या एका कॅडेटच्या गोळ्या दुपारी लक्ष्याच्या वर जाऊ लागल्या. प्रस्तुत लेखकाने त्याच्या एकाग्रतेला दोष दिला. नंतर लक्षात आले की, दुपारी त्याने रायफलची बॅरल थेट वाळूच्या पोत्यावर टेकविली होती. दोष मुलाचा नव्हे, बॅरलवर आलेल्या दाबाचा होता.

संकल्पना :
गोळी सुटते तेव्हा बॅरल ताठ राहत नाही. ती सूक्ष्मपणे कंप पावते. हे कंपन प्रत्येक वेळी सारखे असेल तर गोळ्या एकत्र पडतात. पारंपरिक रचनेत हँडगार्ड पुढील टोकाला बॅरलवर टेकलेला असतो. त्यामुळे हाताची पकड, ताणलेला पट्टा किंवा खालचा आधार यांचा दाब बॅरलपर्यंत पोहोचतो आणि कंपन बदलते. फ्री-फ्लोट हँडगार्ड मात्र केवळ मागील बाजूस, म्हणजे रिसीव्हरजवळ, घट्ट बसविलेला असतो. पुढे तो बॅरलला कोठेही स्पर्श करीत नाही.

हा फरक किती महत्त्वाचा? एक कोनीय मिनिट म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सें.मी. दाबामुळे नेम ३ मिनिटांनी ढळला असे गृहीत धरल्यास ५० मीटरवर चूक सुमारे ४.४ सें.मी. होईल, तर २०० मीटरवर ती १७.५ सें.मी.पर्यंत जाईल. म्हणजेच खोलीतील वा गल्लीतील चकमकीत हा लाभ गौण ठरतो. अंतर वाढते तसतसा तो निर्णायक होतो.

निवडीचे निकष :
१) लांबी व मोकळी जागा : हँडगार्डच्या आत गॅस ब्लॉक आणि पिस्टन असल्यास पिस्टनची हालचाल विनाअडथळा झाली पाहिजे. आतील भाग कोठेही घासत असेल तर ‘फ्री-फ्लोट’ हे नाव निरर्थक ठरते. लांब हँडगार्डमुळे हात पुढे नेता येतो. परंतु पुढील टोकाचे वजन वाढते आणि दिवसभराच्या गस्तीत ते जवानाच्या खांद्यास जाणवते.

२) धातू व ताठरपणा : साधारणतः ६०६१ किंवा ७०७५ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा वापर होतो. यांपैकी ७०७५ अधिक बळकट, पण महाग आहे. येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. दुर्बीण रिसीव्हरवर बसविलेली असते. पण लेझर वा पुढील माशी हँडगार्डवर बसविली आणि हँडगार्ड हाताच्या दाबाने वाकला, तर नेमच चुकतो. बॅरल मुक्त केली, परंतु चूक दुसरीकडे हलविली, असे होते. म्हणून लेझर वापरणाऱ्या पथकासाठी ताठरपणा हा पहिला निकष असावा.

३) जोडणीची पद्धत : पिकॅटिनी रेलचे अमेरिकन लष्करी मानक १९९५ मध्ये निश्चित झाले. ही रेल भक्कम, पण जड व हाताला खरखरीत असते. पुढे की-मॉड आणि एम-लॉक या हलक्या पद्धती आल्या. अमेरिकन नौदलाच्या क्रेन येथील केंद्राने केलेल्या तुलनात्मक चाचण्यांत एम-लॉक सरस ठरली. वर पिकॅटिनी आणि बाजूंना एम-लॉक, ही मांडणी आज समतोल मानली जाते.

४) उष्णता : मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. ॲल्युमिनियम उष्णतेचे सुवाहक असल्याने सलग गोळीबारानंतर, किंवा केवळ उन्हात ठेवल्यानेही, ते हाताला चटका देते. हवा खेळती ठेवणारी छिद्रे आणि पकडीच्या जागी पॉलिमरचे आच्छादन येथे आवश्यक ठरते.

५) बसवणूक : हँडगार्ड स्वतःभोवती फिरू नये यासाठी अटकाव हवा. तो प्रशिक्षित आर्मररनेच ठरलेल्या पिळाने बसवावा व त्यानंतर शस्त्र पुन्हा शून्य करून घ्यावे.

भारतीय संदर्भ :
२०१९ मध्ये भारतीय सैन्याने ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार केला. त्यांचा हँडगार्ड फ्री-फ्लोट प्रकारचा आहे. पुण्याच्या ए.आर.डी.ई. या संस्थेने कार्बाईनच्या विकासात महत्त्वाचा वाटा उचलला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ४.२५ लाखांहून अधिक कार्बाईनसाठी भारत फोर्ज व पी.एल.आर. सिस्टिम्स यांच्याशी करार केले. इतक्या मोठ्या संख्येत प्रत्येक शस्त्रावरील १०० ग्रॅम वजनाचा हिशेबही क्षुल्लक राहत नाही. सामान्य नागरिकास मात्र अशी शस्त्रे परवान्यावर सहजी मिळत नाहीत. हा प्रश्न मुख्यतः दलांच्या खरेदीचा व प्रशिक्षणाचा आहे.

निष्कर्ष :
फ्री-फ्लोट हँडगार्ड हा सर्व दोषांवरचा उपाय नव्हे. अंतर कमी असल्यास वजन, पकड आणि उष्णता यांना प्राधान्य द्यावे. अंतर अधिक असल्यास मुक्त बॅरल व ताठरपणा यांना द्यावे. आधी काम ठरवावे, मग साहित्य निवडावे, हाच क्रम योग्य होय. आणि गोळी चुकली की नेमबाजाला बोल लावण्यापूर्वी प्रशिक्षकाने शस्त्र कोठे टेकले आहे हे एकदा पाहावे, इतके जरी या विवेचनातून साधले तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.