मधुमेह : औषधोपचारातील सातत्य आणि दीर्घकालीन आरोग्य
(विशेष संदर्भ : औरंगपुरा परिसर, छत्रपती संभाजीनगर)

प्रस्तावना :
औरंगपुरा हा छत्रपती संभाजीनगर शहराचा जुना व गजबजलेला भाग. भाजी मंडई, पुस्तकांची दुकाने आणि शिक्षणसंस्था यांमुळे येथे व्यापारी, प्राध्यापक, विद्यार्थी, गृहिणी अशा सर्वांचा वावर असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आहेत. प्रौढांमध्ये हे प्रमाण ग्रामीण भागात ८.९ टक्के, तर शहरी भागात १६.४ टक्के आहे. म्हणूनच अशा नागरी वस्तीच्या संदर्भात औषधोपचारातील सातत्याचा विचार येथे केला आहे.

एक सार्वत्रिक गैरसमज :
तपासणीत 'शुगर नॉर्मल' आली की आजार बरा झाला, असे समजून अनेक रुग्ण गोळ्या बंद करतात. वस्तुतः ते नियंत्रण बहुधा औषधाचेच फलित असते. औषध थांबताच रक्तातील साखर पुन्हा वाढू लागते. परंतु वेदना नसल्याने ते जाणवत नाही. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, मज्जातंतू व हृदय यांची हानी मात्र वर्षानुवर्षे मूकपणे होत राहते. वजन घटल्यावर काही रुग्णांचे औषध कमी अथवा बंद होऊ शकते, हे खरे. तथापि तो निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.

संशोधनाची साक्ष :
ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या अभ्यासात ५,१०२ नवमधुमेहींचा समावेश होता. १९९८ च्या निष्कर्षानुसार काटेकोर उपचार घेणाऱ्या गटात सूक्ष्म रक्तवाहिन्यांशी निगडित गुंतागुंती २५ टक्क्यांनी कमी आढळल्या. पुढे दोन्ही गटांतील साखरेचा फरक वर्षभरातच नाहीसा झाला. तरीही २००८ च्या पाठपुराव्यात पहिल्या गटाचा लाभ टिकून असल्याचे दिसले. म्हणजेच आजाराच्या आरंभीच्या वर्षांतील नियमितपणा ही पुढील आयुष्याची पुंजी ठरते.

सातत्य का तुटते?
जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण औषधे नियमित घेतात. त्यामुळे याचा दोष केवळ रुग्णाच्या निष्काळजीपणाला देणे योग्य नाही. औषधांचा खर्च, अनेक गोळ्यांची वेळापत्रके, दुष्परिणामांची भीती, 'एकदा इन्सुलिन लागले की सुटत नाही' ही धास्ती आणि दुकानावरील गर्दीत हुकणारी जेवणाची वेळ ही कारणेही तितकीच खरी आहेत. एकादशी, श्रावणातील उपवास किंवा रमजानचे रोजे यांच्या काळात काहीजण परस्पर गोळी सोडतात. याउलट काहीजण उपाशीपोटी नेहमीचीच मात्रा घेतात. इन्सुलिन व काही गोळ्यांच्या बाबतीत यामुळे साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. यास्तव उपवासापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला आवश्यक ठरतो.

उपाययोजना :
१) गोळीची वेळ जेवण, चहा अशा नित्यक्रमाशी जोडावी.
२) खर्च परवडत नसल्यास तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे, जेनेरिक औषधांचा पर्याय उपलब्ध असतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, अर्थात 'घाटी', याच शहरात आहे.
३) मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी 'एचबीएवनसी' चाचणी, तसेच डोळे, पाय व मूत्रपिंडे यांची तपासणी नियमित करावी.
४) महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून घरोघरी हा विषय पोहोचवावा. आजी-आजोबांच्या गोळ्यांची आठवण ठेवणारा विद्यार्थी हाही आरोग्यदूतच होय.

समारोप :
मधुमेहात औषध लिहून देणे हा उपचाराचा आरंभ आहे. ते रोज घेतले जाणे हा खरा उपचार. रुग्णाला दटावण्याऐवजी 'गोळी का राहिली?' असे आपुलकीने विचारणारे कुटुंब, डॉक्टर व समाज लाभल्यास अनेकांची दृष्टी, पाय आणि मूत्रपिंडे वाचू शकतील.