नळाला झिणझिण्या येतात?

आमच्या महिला मंडळात एकीने सहज सांगितलं, "बाथरूमच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात हो!" बाकीच्या हसल्या. मला मात्र धस्स झालं. चौकशी केली तर गीझरची अर्थिंगची तार तुटलेली. वर आरसीसीबी सारखा पडतो म्हणून वायरमनने तो वगळून तारा चक्क थेट जोडलेल्या!

मैत्रिणींनो, हा खटका उगाच पडत नाही. साध्या एमसीबीला शॉर्टसर्किट आणि जादा भार कळतो, माणसाला बसणारा शॉक कळत नाही. आरसीसीबीचं कामच ते. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअर गळतीलाच वीज तोडतो. तो पडू लागला तर गीझर, मोटार, मिक्सर, सगळ्यांच्या पिना काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग खटका वर करून कोरड्या हाताने, पायात चपला घालून एकेक पीन लावा. गीझर लावताच पडला तर बहुधा आतली कॉइल गेली. मोटारीने पडला तर कुठेतरी ओल शिरली असेल. पुढचं काम वायरमनचं, आपण स्क्रू उघडायचा नाही.

आणखी एक. दोन हजार वॉटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, त्याला १६ अँपिअरचाच प्लग हवा. वरची जाड पीन अर्थिंगची, ती कापून दोन पिनांवर भागवणारे महाभागही मी पाहिलेत!

आरसीसीबीवर 'टेस्ट'चं छोटं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही, तर वायरमन येईपर्यंत आंघोळीचं पाणी गॅसवर तापवा.