बत्तीस अंशांवरची चकाकी

मुंबईतल्या काळा घोडा भागातल्या एका पॅटिसरीत काचेआड ठेवलेल्या केकपाशी मी थबकले ती त्याच्या चकाकीमुळे. छतावरचा दिवा त्यात जसाच्या तसा दिसत होता, आणि कापलेल्या बाजूला चार थर आपापली रेघ राखून उभे होते. बाहेर मे महिना, घामाने अंगाला कपडे चिकटलेले. अशा हवेत हे कसं टिकतं ते पाहायचंच होतं. परवानगी मिळाली आणि एका सकाळी मी आतल्या किचनमध्ये गेले.

आत चॉकलेटआधी वास येतो तो भाजलेल्या हेझलनटचा. बदामाच्या डॅक्वाझचा तळ, त्यावर प्रालिनेचा कुरकुरीत थर, हापूसच्या रसाची गोठवलेली चकती, भोवती चॉकलेटचं मूस. सिलिकॉनच्या साच्यात हे सगळं उलटं रचतात: आधी मूस, मग हापूस, शेवटी तळ. साचा रात्रभर फ्रीझरमध्ये जातो. फ्रेंच मिठाईतला मैद्याचा आणि बटरक्रीमचा जडपणा उतरवून मूसचा हलकेपणा आणणाऱ्यांमध्ये गास्तों लनोत्र यांचं नाव आदराने घेतात. त्यांनी 1957 मध्ये पॅरिसमध्ये दुकान उघडलं. या किचनमधली कामाची रीत त्याच परंपरेतली.

मला खिळवून ठेवलं ते मात्र केकवरचं चकाकतं ग्लेझ ओतणाऱ्या मुलाने. कणकवलीकडचा, विशीतला. साखर, ग्लुकोज, कंडेन्स्ड मिल्क, चॉकलेट आणि जिलेटिन यांचं मिश्रण आदल्या दिवशीच तयार असतं. तो ते हलकेच गरम करतो. हँड ब्लेंडरचं तोंड सतत खाली बुडालेलं ठेवतो, कारण आत शिरलेला हवेचा एक बुडबुडाही केकवर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पाडतो. मग थर्मामीटर बुडवून थांबतो.

“बत्तीस, ताई. पस्तीसला पळतं, अठ्ठावीसला साचतं.”

गरम ग्लेझ केकवरून वाहून जातं आणि कडा उघड्या पडतात. थंड झालेलं जाड बसतं. बत्तीसलाच ते पातळ, अखंड पसरतं आणि गोठलेल्या पृष्ठभागावर काही क्षणांत धरतं. पण मुंबईची हवा मधे येते. फ्रीझरमधून काढलेल्या केकवर बाष्प लगेच हिमासारखं जमतं, आणि हिमावर ग्लेझ ठरत नाही. म्हणून साचा सोलला की तो तळहाताने केक झरझर पुसतो, जाळीवर ठेवतो आणि मधून कडेकडे एका दमात ओततो. दुसऱ्यांदा ओतायची सोय नाही. पहिल्या थराची रेघ कायम दिसते. जाळीखाली गळलेलं ग्लेझ गाळून पुन्हा तापवायचं, पुन्हा बत्तीस. सकाळभर हाच आकडा मी ऐकत होते. मला तो त्याच्या हातांचा आकडा वाटू लागला. थर्मामीटर पाहण्याआधीच पातेल्याला बोटं लावून तो अंदाज सांगायचा, आणि तो क्वचितच चुकायचा.

ओतलेला केक थेट खाता येत नाही. तो फ्रिजमध्ये काही तास हळूहळू वितळू द्यावा लागतो. मी खाल्ला तो दुपारी. चमचा वरच्या थरात सहज उतरतो, प्रालिनेपाशी अडतो आणि मग एक बारीक कडकड होते. तोंडात आधी थंडपणा, पाठोपाठ चॉकलेटचा कडवटपणा, आणि मूस जिभेवर विरल्यावर हापूस येतो, आंबट-गोड आणि अगदी ओळखीचा. कोकोचं लोणी साधारण 34 अंशांना वितळतं, जिलेटिनही अंगाच्या उष्णतेखालीच सुटतं. म्हणूनच हे थर चावावे लागत नाहीत, तोंडच त्यांना सोडवतं. साखर बेताची आहे. आंब्याच्या चवीवर एवढा विश्वास ठेवणारं गोड मी फार वेळा खाल्लेलं नाही.

काउंटरवर दर थोड्या वेळाने कुणीतरी विचारतं, “जिलेटिन आहे का?” ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतं, तेव्हा हा प्रश्न योग्यच आहे आणि उत्तरही इथे सरळ मिळतं. शाकाहारींसाठी केक जिलेटिनऐवजी अगर-अगर घालून करतात. मी तोही खाल्ला. अगर एकदा धरलं की सुमारे 85 अंशांपर्यंत वितळत नाही, त्यामुळे आंबा विरत नाही, त्याचे तुकडे पडतात. त्यापेक्षा थंड कोको लोण्याच्या जोरावरच उभं राहणारं, जिलेटिन आणि अगर दोन्ही नसलेलं चॉकलेटचं मूस शाकाहारी गिऱ्हाइकाला जास्त न्याय देईल, असं मला वाटतं.

एका तुकड्याला साडेचारशेच्या वर मोजावे लागतात. ही किंमत सगळ्यांना परवडणारी नाही, आणि माझ्या ओळखीतले बरेचजण ती काचेच्या दुकानाची आणि पत्त्याची किंमत म्हणतील. आत उभं राहून पाहिल्यावर मी तसं म्हणणार नाही. रात्रभराचा फ्रीझर, दुपारपर्यंतचा फ्रिज आणि चूक झाली तर सुधारता न येणारा एक हात, एवढं सगळं त्या तुकड्यात आहे.

निघताना मी ग्लेझ ओतणाऱ्या त्या मुलाला विचारलं, अवघड दिवस कुठले?

“पावसाळा. दार उघडलं की केक पांढरा होतो. ऑर्डर तेवढ्याच असतात, पण आता सहा एकदम काढतो, तेव्हा दोन-दोनच काढायचे. मग घरी जायला रात्र होते.”