‘रेकॉर्ड’ : एक शब्द, अनेक क्रिया

परभाषेतून आलेला शब्द रुळला म्हणजे त्याच्या अर्थाचा विचार बहुधा थांबतो. ‘रेकॉर्ड’ हा असाच एक शब्द होय. कचेरीतील रेकॉर्ड, जुन्या गाण्याची रेकॉर्ड, धावपटूने मोडलेले रेकॉर्ड, आरोपीचे मागील रेकॉर्ड असे सारे प्रयोग मराठीत सुखेनैव नांदतात. भाषेने मात्र नकळत एक विवेक केला आहे. कचेरीतील रेकॉर्ड नपुंसकलिंगी राहिले आणि गाण्याची रेकॉर्ड स्त्रीलिंगी झाली. पुढे परिभाषाकारांनी अभिलेख, ध्वनिमुद्रिका, उच्चांक, विक्रम असे प्रतिशब्द रूढ केले. एका इंग्रजी शब्दाला मराठीत इतके शब्द लागावेत, यावरून मराठीचे दारिद्र्य सिद्ध होत नाही. उलट त्या एका शब्दात किती भिन्न गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत, हेच उघड होते.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘कोर’ म्हणजे हृदय. जे पुन्हा हृदयात आणायचे, आठवायचे, ते ‘रेकॉर्दारी’. जुन्या फ्रेंचमध्ये त्याला म्हणून दाखविणे, घोकणे असाही अर्थ आला. म्हणजे आज कागदाशी घट्ट बांधलेला हा शब्द मुळात कागदावाचून चालणाऱ्या क्रियेचा वाचक होता. मराठीने स्मृतीचे स्थान हृदयापेक्षा वाणीच्या अवयवांत अधिक पाहिले : तोंडपाठ, कंठस्थ, मुखोद्गत. जतन केलेल्या लेखनासाठी तिने जो ‘दफ्तर’ शब्द फारसीतून घेतला, त्याचे मूळ चामडे या अर्थाच्या ग्रीक शब्दात सांगतात. तो शब्द वस्तूकडे बोट दाखवितो, स्मृतीकडे नव्हे.

मराठीतील इतर शब्द एकेका क्रियेला धरून आहेत. नोंद लिहिण्याची, दफ्तर जतन करण्याचे, पुरावा सिद्ध करण्याचा, पाहणी पाहण्याची. यांतील शेवटच्या शब्दाचा प्रवास लक्षणीय आहे. बंगळूर १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि त्या प्रदेशाशी मराठीचा दीर्घ संबंध राहिला. आज बंगळूरच्या दक्षिणेस, आनेकल तालुक्यात, होसूर रस्त्यालगतचे बोम्मसंद्रा कारखान्यांसाठी ओळखले जाते. परंतु तेथील शेतजमिनीच्या उताऱ्याला कन्नड माणूस ‘पहाणी’ म्हणतो. मराठी ‘पाहणी’शी त्याचे नाते कानालाच कळते. महाराष्ट्रात त्याच कागदाला गावनमुना सात व बारा यांच्या क्रमांकांवरून ‘सातबारा’ हे नाव पडले. इंग्रजीत दोन्ही ‘रेकॉर्ड’च. त्याच बोम्मसंद्र्यात २००० साली स्थापन झालेले हृदयरोगाचे मोठे रुग्णालय आहे. तेथील रुग्णाची कागदपत्रेही ‘रेकॉर्ड’, आणि शेजारच्या कारखान्यातील उत्पादनाची नोंदवहीही ‘रेकॉर्ड’. एकाच गावात शेताचा हक्क, देहाची अवस्था आणि यंत्राची गती या तिन्हींना एकच नाव मिळते.

प्रश्न केवळ शब्दसौष्ठवाचा नाही. ‘रेकॉर्डवर आहे’ असे म्हणताच ‘म्हणून ते खरे आहे’ हा अध्याहृत भाग ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप जोडला जातो. ‘नोंद आहे’ या वाक्यात ती सक्ती नाही. नोंद कोणी तरी केली, कधी तरी केली, आणि ती चुकलेलीही असू शकेल, एवढा अवकाश त्यात राहतो. कायदा या बाबतीत व्यवहारापेक्षा सावध आहे. कर्नाटकाचा १९६४ चा आणि महाराष्ट्राचा १९६६ चा जमीन महसूल कायदा, दोन्ही अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानतात. ते अनुमान आहे, सत्य नव्हे. ‘पाहणी’ हा शब्दही तेच सांगतो : कोणी तरी पाहिले, आणि पाहणाऱ्याच्या नजरेबाहेर काही राहिले.

काय राहिले, याचे उत्तर साहित्याभ्यासकाला ठाऊक असावे. बाराव्या नमुन्यात पीक येते. त्या पिकाची निंदणी करणारीचे नाव येत नाही. तिचे दफ्तर जात्याशी होते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांतील बाया महसुली अर्थाने रेकॉर्डवर क्वचितच होत्या. परंतु आठवून म्हणणे हा त्या शब्दाचा मूळ अर्थ त्यांनीच जगविला.

इतिहाससंशोधनात वि. का. राजवाडे यांनी अस्सल कागदाचा आग्रह धरला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. तो आग्रह बखरींतील कल्पिताला आवर घालण्यासाठी आवश्यकच होता. मात्र कागद अस्सल असणे निराळे आणि त्यातील मजकूर पूर्ण असणे निराळे. या दोहोंमधील अंतर तपासण्याच्या क्रियेलाही मराठीत शब्द आहे : रुजुवात. नक्कल मुळाशी ताडून पाहणे, हा तिचा अर्थ. अशोक केळकरांनी आपल्या समीक्षाग्रंथाला हेच नाव दिले, हे अर्थपूर्ण आहे. म्हणून ‘रेकॉर्ड’ शब्द भाषेतून हाकलण्याचे कारण नाही. तो उच्चारताना पाहणे, लिहिणे, जपणे, सिद्ध करणे आणि आठवणे यांपैकी कोणती क्रिया अभिप्रेत आहे, आणि ती कोणी केली, एवढे विचारले तरी पुरे.