उलाढाल ५ कोटींच्या वर गेली? मग ई-इनव्हॉइसची सुरुवात कशी करायची?

बिल कम्प्युटरवर तयार केलं, त्याची पीडीएफ काढली आणि ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवली. हेच ई-इनव्हॉइस, असं अनेक व्यावसायिकांना वाटतं. जीएसटीच्या नियमांप्रमाणे मात्र हे साधं बिल झालं. ज्यांना ई-इनव्हॉइस लागू आहे, त्यांचं असं बिल कायद्याने बिल म्हणून धरलंच जात नाही.

याचा फटका कसा बसतो, ते एका उदाहरणातून पाहू. समजा, भोसरीतल्या एका वर्कशॉपने चाकणच्या कंपनीला ५ लाख रुपयांचे सुटे भाग पाठवले. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९० हजार रुपये. वर्कशॉपला ई-इनव्हॉइस लागू आहे, पण बिल साधंच गेलं. अशा बिलावर कंपनीला ९० हजारांचं टॅक्स क्रेडिट घेणं धोक्याचं वाटतं. त्यामुळे तिचा अकाउंट्स विभाग तेवढी रक्कम, कधी कधी पूर्ण पेमेंटच, अडवून ठेवतो. इकडे वर्कशॉपला रिटर्न भरताना तो कर सरकारजमा करावाच लागतो. म्हणजे ग्राहकाकडून न आलेले पैसे खिशातून भरायचे.

शिवाय दंडाचीही तरतूद आहे. योग्य बिल न देता माल पुरवला तर १० हजार रुपये किंवा बुडालेल्या कराइतकी रक्कम, यांपैकी जी जास्त असेल तेवढा दंड होऊ शकतो.

ई-इनव्हॉइस म्हणजे नेमकं काय?

ई-इनव्हॉइस सरकारी पोर्टलवर 'बनतं' हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. बिल व्यावसायिकच बनवतो, आपल्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये, आपल्या नेहमीच्या क्रमांकाने. त्या बिलाची माहिती ठरलेल्या साच्यात सरकारमान्य पोर्टलवर नोंदवायची असते. या पोर्टलला इनव्हॉइस रजिस्ट्रेशन पोर्टल, म्हणजे आयआरपी म्हणतात.

पोर्टल ती माहिती तपासतं आणि तीन गोष्टी करतं. बिलाला ६४ अक्षरांचा एकमेव क्रमांक देतं. हा क्रमांक आयआरएन म्हणून ओळखला जातो. बिलावर डिजिटल सही करतं आणि एक क्यूआर कोड परत पाठवतं. हा कोड छापलेलं बिल म्हणजे ई-इनव्हॉइस.

ठरलेल्या साच्याची गरज का? कुणी टॅली वापरतं, कुणी झोहो, कुणाकडे स्वतःचं सॉफ्टवेअर असतं. प्रत्येकात बिलाची मांडणी वेगळी. एकाची फाइल दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, म्हणून समोरचा माणूस तीच माहिती पुन्हा हाताने टाइप करतो आणि तिथे चुका होतात. साचा एकच असला की कुठल्याही सॉफ्टवेअरमधून निघालेली माहिती सगळीकडे सारखीच वाचली जाते. जीएसटीसाठीचा साचा तयार करताना युरोपात रुळलेल्या 'पेपोल' या मानकाचा आधार घेतला गेला.

मात्र पेपोल आणि आपली पद्धत यांत एक फरक आहे. पेपोलच्या जाळ्यात बिल विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरमधून थेट ग्राहकाच्या सॉफ्टवेअरमध्ये पोचतं. सिंगापूरची 'इनव्हॉइसनाऊ' ही व्यवस्थाही पेपोलवरच चालते. भारतात पोर्टल बिलाची नोंद करतं, पण बिल ग्राहकापर्यंत पोचवायची जबाबदारी विक्रेत्याचीच राहते. आयआरएन मिळाला म्हणून बिल पाठवायचं विसरलं तर ते पोचणार नाही.

नियम कुणाला लागू आहे?

१ ऑक्टोबर २०२० रोजी हा नियम सुरू झाला, तेव्हा तो ५०० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांपुरता होता. मग मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली : १०० कोटी, ५० कोटी, २० कोटी, १० कोटी. १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटी आहे.

ही उलाढाल मोजताना तीन ठिकाणी गल्लत होते.

पहिली, उलाढाल एका दुकानाची किंवा एका राज्याची धरायची नसते. एका पॅनवर देशभरात जेवढे जीएसटी क्रमांक असतील, त्या सगळ्यांची बेरीज करायची असते. पुण्यात ३ कोटी आणि मडगावात अडीच कोटी असतील, तर एकूण साडेपाच कोटी होतात आणि दोन्हीकडे नियम लागू होतो. करमाफ माल आणि निर्यातही त्यात धरतात. जीएसटीची रक्कम मात्र धरत नाहीत.

दुसरी, फक्त गेल्या वर्षाचा आकडा पाहून भागत नाही. २०१७-१८ पासून कुठल्याही एका आर्थिक वर्षात उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर नियम लागू होतो. नंतर धंदा कमी झाला तरी सूट मिळत नाही. आणि २०२५-२६ मध्ये पहिल्यांदाच मर्यादा ओलांडली, तर १ एप्रिल २०२६ पासून ई-इनव्हॉइस सुरू करावं लागतं.

तिसरी, प्रत्येक बिलाला हे लागत नाही. जीएसटी क्रमांक असलेल्या ग्राहकाला दिलेलं बिल, निर्यातीचं बिल आणि त्यांच्या क्रेडिट व डेबिट नोटा यांना लागतं. घरगुती ग्राहकाला दिलेल्या बिलाला लागत नाही. बँका, विमा कंपन्या, एनबीएफसी, माल वाहतूक करणाऱ्या एजन्सी, प्रवासी वाहतूक, मल्टिप्लेक्सची तिकीटविक्री, एसईझेडमधली युनिट्स, सरकारी खाती आणि स्थानिक संस्था यांना यातून वगळलं आहे.

सुरुवात कशी करायची?

१. पोर्टलवर आपली स्थिती पाहा. ई-इनव्हॉइस पोर्टलवर जीएसटी क्रमांक टाकला की तो ई-इनव्हॉइससाठी सुरू आहे का, ते कळतं. रिटर्नमधल्या आकड्यांवरून अनेकांचे क्रमांक आपोआप सुरू झालेले असतात. पण पोर्टलवर 'सुरू' दिसणं आणि नियम लागू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलाढाल मर्यादेच्या वर असूनही क्रमांक सुरू नसेल, तर तो पोर्टलवर अर्ज करून सुरू करून घ्यावा लागतो. सिस्टिमने सांगितलं नाही, हे कारण चालत नाही.

२. लॉगिन तयार करा. सध्या सहा आयआरपी आहेत. दोन एनआयसीचे, तर चार सरकारने मान्यता दिलेल्या खासगी कंपन्यांचे. ई-वे बिलासाठी आधीच लॉगिन असेल तर एनआयसीच्या पोर्टलवर तेच चालतं. आता पासवर्डसोबत ओटीपीही लागतो. त्यामुळे पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल नंबर नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा तर नाही ना, हे आधी बघावं.

३. पद्धत निवडा. महिन्याला मोजकीच बिलं होत असतील तर एनआयसीचं एक्सेलवर चालणारं मोफत टूल पुरतं. त्यात माहिती भरायची, त्यातून तयार झालेली फाइल पोर्टलवर चढवायची आणि क्यूआर कोडसह बिल उतरवून घ्यायचं. रोज डझनावारी बिलं होत असतील तर अकाउंटिंग सॉफ्टवेअर पोर्टलला जोडणं सोयीचं पडतं. मग बिल सेव्ह करतानाच आयआरएन येतो. मोठ्या कंपन्या आपलं सॉफ्टवेअर एपीआयने जोडतात. त्यांच्यासाठी खरी बिलं न वापरता चाचणी घेण्याची सोयही आहे.

४. माहिती साफ करा. सुरुवातीला अडचणी येतात त्या बहुतेक इथेच. पोर्टल सॉफ्टवेअर कुठलं आहे ते पाहत नाही, माहिती पाहतं. ग्राहकाचा जीएसटी क्रमांक रद्द झालेला असेल तर बिल परत येतं. पत्त्यातला पिनकोड आणि राज्य जुळलं नाही तरी येतं. ४०३ ने सुरू होणारा पिनकोड गोव्याचा आहे, तो महाराष्ट्राच्या पत्त्याला लावून चालत नाही. ५ कोटींच्या वरच्या व्यवसायांना एचएसएन कोड किमान सहा अंकी द्यावा लागतो, जुना चार अंकी चालत नाही. बिल क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा आणि त्याची सुरुवात शून्य, तिरकी रेघ किंवा आडव्या रेघेने नसावी. ग्राहकांची आणि मालाची यादी एकदा नीट तपासली, तर पहिल्या आठवड्यातली निम्मी धावपळ वाचते.

५. कामाचा क्रम बदला. आधी गाडी भरायची आणि बिल संध्याकाळी निवांत करायचं, ही सवय सोडावी लागते. माल निघण्याआधी बिल तयार हवं, आणि त्यावर आयआरएन असल्याशिवाय ते बिल नाही. त्यामुळे गेटपास देणाऱ्यालाही 'क्यूआर कोड नाही तर गाडी नाही' हे माहीत हवं. याचा एक फायदाही आहे. ई-वे बिलाचा पहिला भाग आणि जीएसटीआर-१ मधली नोंद याच माहितीतून भरली जाते, तीच टायपिंग पुन्हा करावी लागत नाही.

बिलात चूक झाली तर?

पोर्टलवर नोंदवलेलं बिल दुरुस्त करता येत नाही. ते २४ तासांच्या आत पूर्ण रद्द करता येतं, अर्धवट नाही. त्यावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. रद्द केलेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही, नवं बिल नव्या क्रमांकाने करायचं. २४ तास उलटले की क्रेडिट नोट द्यायची किंवा जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती करायची, हाच मार्ग उरतो.

१० कोटी आणि त्याहून जास्त उलाढाल असलेल्यांना १ एप्रिल २०२५ पासून आणखी एक बंधन आहे. बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत नोंद केली नाही, तर पोर्टल ते बिल स्वीकारतच नाही. ५ ते १० कोटींच्या गटाला हे बंधन नाही, पण आयआरएनविना दिलेलं बिल त्यांच्याही बाबतीत वैध ठरत नाही.

माल घेणाऱ्याने काय तपासावं?

ज्यांची स्वतःची उलाढाल ५ कोटींपेक्षा कमी आहे, त्यांनाही हा विषय माहीत असायला हवा, कारण ते कुणाचे तरी ग्राहक असतातच. बिलावर क्यूआर कोड दिसला म्हणजे तो खरा असेलच असं नाही, पेमेंटचा कोडही तसाच दिसतो. पोर्टलवरून मिळणाऱ्या सरकारी ॲपने तो स्कॅन केला की विक्रेत्याचा व ग्राहकाचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, रक्कम आणि आयआरएन दिसतो. तो छापलेल्या बिलाशी जुळवून पाहावा.

बिलावर कोडच नसेल तर विक्रेत्याचा क्रमांक पोर्टलवर शोधावा आणि कारण विचारावं. उलाढाल मर्यादेच्या वर असूनही ज्यांना सूट आहे, त्यांनी तसं बिलावर लिहून देणं बंधनकारक आहे. मर्यादेच्या आतल्या विक्रेत्याकडून मोठ्या कंपन्या तसं पत्र घेतात. लहान व्यावसायिकानेही ते घ्यायला हरकत नाही.

पेमेंट करण्याआधी हे तपासलं तर विक्रेत्याकडून योग्य बिल मिळवता येतं. पैसे गेल्यावर लक्षात आलं, तर क्रेडिटसाठी त्याच्या मागे फिरावं लागतं.