आजोबा, जरा टोचेल

सकाळचे साडेनऊ. जिल्ह्याच्या गावातल्या एका नर्सिंग स्कूलची लॅब. सहा खाटांवर सहा रबरी पुतळे. खिडकीकडच्या पुतळ्याच्या दंडाची टोचून टोचून चाळणी झालीय. मुली त्याला बापू म्हणतात.

ट्यूटर मॅडम बापूच्या चादरीवरून तळहात फिरवतात. एक सुरकुती लागते.

"हिच्यावर पेशंट आठ दिवस पडून राहिला तर?"

"बेडसोअर, मॅडम."

बापूला कुशीवर वळवून चादर पुन्हा ताणली जाते, कोपरे लिफाफ्यासारखे घडी घालून गादीखाली जातात.

मग इंजेक्शन. पुढे आलेली मुलगी जीएनएमच्या पहिल्या वर्षाची. बारावी आर्ट्सची, आणि बीएस्सी नर्सिंगला सायन्स लागतं. तीन वर्षांनी जीएनएम, मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून बीएस्सी, असा सगळा हिशेब तिने मला मघाशी चहाच्या टपरीवरच मांडून दाखवलाय.

ती अँप्युलच्या मानेवर नखाने टिचक्या मारते, वर अडकलेलं औषध खाली उतरवते. कापसात धरून कट्‌कन मान मोडते. औषध ओढते, सिरिंज उभी धरून हवा काढते. खांद्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटं मोजते, स्पिरिट लावते, वाळू देते. सुई काटकोनात आत. मला तरी कुठे चूक दिसत नाही.

"शून्य," मॅडम म्हणतात. "नाव विचारलंस? काय टोचतेयस ते सांगितलंस?"

"मॅडम, हा तर..."

"बापूला सांगायची सवय नसेल, तर वॉर्डात कुणाला सांगणारेस?"

मागे कुणीतरी फिसकन हसतं. मी मात्र माझ्या दंडात आजवर सुया खुपसणाऱ्यांपैकी किती जणांनी नाव विचारलं ते आठवून बघतोय. एका हाताची बोटंही जास्त होतात.

दुपारी कॅज्युअल्टी. गंजका खिळा पायात गेलेले एक आजोबा बाकावर बसलेत. सगळे टीटीचं इंजेक्शन म्हणतात, पण लेबलवर टीडी लिहिलंय. आता धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही लस त्यात असते. डोस अर्धा मिली. सकाळचीच मुलगी, आणि तिच्या पाठीशी इन्चार्ज सिस्टर.

"आजोबा, नाव काय तुमचं?"

"केसपेपरवर लिहिलंय की, पोरी."

"लिहिलंय. तरी सांगा."

आजोबा आडनावासकट नाव सांगतात, वर गावही सांगतात. ती कागदाशी ताडून बघते.

"धनुर्वाताचं आहे. जरा टोचेल हं."

"खिळ्यापेक्षा?"

याचं उत्तर प्रोसिजर बुकात नाही. ती सिस्टरकडे बघते. सिस्टर छताकडे बघतायत.

"नाही... कमी," ती म्हणते आणि सुई आत घालते.

टोपण परत न लावता सुई थेट कटरमध्ये जाते. कर्र आवाज होतो. ती एका हाताने आजोबांच्या दंडावर कापूस दाबून उभी.

"झालं?" आजोबा विचारतात.

ती मान हलवते. कापूस काही सोडत नाही.