विमानात तेल, शाम्पू, क्रीम नेताना : १०० मिलीचा नियम समजून घेऊ या

काही वर्षांपूर्वी परदेशी शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थिनीला निरोप द्यायला आम्ही काही कार्यकर्ते विमानतळावर गेलो होतो. विमानात बसणारी ती तिच्या घरातलीच नव्हे, तर वस्तीतली पहिली मुलगी. ती आत गेली आणि तासाभराने तिचा फोन आला. आवाज रडवेला होता. आईने घरी बनवून दिलेल्या केसांच्या तेलाची बाटली सुरक्षा तपासणीत काढून घेतली होती. बाटली २०० मिलीची होती, तेल मात्र निम्मेच होते. "सगळ्यांसमोर बॅग उघडली. माझ्याकडे बघूनच केले असेल का हो?" तिने विचारले.

ज्यांनी लहानपणापासून भेदभाव पाहिला आहे, त्यांच्या मनात हा प्रश्न येणारच. त्यात तिची काही चूक नाही. पण त्या दिवशी घडले ते एका नियमामुळे, आणि तो नियम तिला आधी कोणीच सांगितला नव्हता. आम्हीही नाही.

हा नियम आला कुठून? ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघडकीस आणला. शीतपेयांच्या बाटल्यांमधून द्रव स्फोटके नेऊन लंडनहून अमेरिका-कॅनडाकडे जाणारी विमाने उडवून देण्याचा तो बेत होता. एक्स-रे यंत्राला बाटली दिसते, पण आतला द्रव साधा आहे की घातक, हे जुन्या यंत्रांना खात्रीने ओळखता येत नाही. म्हणून आधी द्रव पदार्थांवर जवळपास सरसकट बंदी आली. पुढे त्याच वर्षी अमेरिका आणि युरोपने मर्यादित प्रमाणात द्रव नेण्याची मुभा दिली आणि हळूहळू जगभर तीच पद्धत रूढ झाली.

नियम थोडक्यात असा : आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेतील प्रत्येक द्रव वस्तूची बाटली १०० मिली किंवा त्याहून लहान हवी. अशा सगळ्या बाटल्या एक लिटर मापाच्या, उघडबंद करता येणाऱ्या एकाच पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. एका प्रवाशाला एकच पिशवी.

यात तीन गोष्टी हमखास चुकतात.

पहिली, मोजतात ती बाटली, आतला द्रव नाही. २०० मिलीच्या बाटलीत चमचाभर तेल असले तरी ती चालत नाही. त्या मुलीचे नेमके हेच झाले.

दुसरी, द्रव म्हणजे फक्त पाणी आणि तेल नव्हे. टूथपेस्ट, फेसवॉश, क्रीम, जेल, शेव्हिंग फोम, डिओ, अत्तर, सॅनिटायझर, लिपग्लॉस हे सगळे त्यात मोडते. लोणचे, तूप, ओला ठेचाही त्यातच. आपल्याकडे टूथपेस्टवर वजन ग्रॅममध्ये छापलेले असते. तेव्हा १०० ग्रॅमच्या आतलीच घ्यावी, छोटी ट्यूब सर्वात सोयीची. साबणाची वडी आणि कंगवा मात्र पिशवीबाहेर ठेवला तरी चालतो.

तिसरी, वाटेत विमान बदलायचे असेल तर तिथे पुन्हा तपासणी होऊ शकते. ब्रिटन आणि युरोपातल्या काही विमानतळांवर नवीन स्कॅनर आल्याने नियम सैल झाले आहेत, पण सगळीकडे नाहीत. म्हणून पूर्ण प्रवासासाठी १०० मिलीचाच हिशेब धरावा. देशांतर्गत प्रवासात पाण्याची बाटली कधी कधी नेऊ देतात. पण प्रसाधनांच्या बाबतीत तिथेही हाच हिशेब ठेवला तर अडचण येत नाही.

सवलतीही आहेत. प्रवासात लागणारी औषधे आणि बाळाचे दूध किंवा आहार १०० मिलीपेक्षा जास्त असला तरी नेता येतो. मात्र तो वेगळा काढून दाखवावा लागतो. औषधासोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी, तीही प्रवाशाच्याच नावाची. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे विसरू नये. विमानतळावरच्या करमुक्त दुकानातून घेतलेली बाटली सीलबंद पिशवीत मिळते. मुक्कामाला पोहोचेपर्यंत ते सील फोडू नये आणि पावती जपून ठेवावी.

मोठ्या बाटल्या काउंटरवर जमा करायच्या बॅगेत टाकाव्यात. तिथेही प्रसाधने आणि औषधांपैकी स्प्रे, अत्तर यांसारख्या वस्तूंना मर्यादा आहे : एक डबा ५०० मिलीपर्यंत आणि सगळे मिळून दोन लिटर किंवा दोन किलो. बाटलीच्या तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून झाकण घट्ट लावावे, म्हणजे कपडे खराब होत नाहीत.

तपासणीच्या रांगेत द्रवांची पिशवी हाताशी ठेवा आणि सांगतील तशी वेगळ्या ट्रेमध्ये काढा. पाण्याची बाटली रिकामी न्या, आत गेल्यावर भरून घेता येते. एखादी वस्तू अडवलीच तर घाबरू नका. "ही जमा करायच्या बॅगेत टाकता येईल का?" असे शांतपणे विचारा. बॅग पुढे गेली नसेल आणि वेळ असेल तर कधी कधी सोय होते. नाहीतर वस्तू सोडून द्या. त्यासाठी विमान चुकवू नका.

समाजशास्त्रात पिअर बोर्द्यू यांनी 'सांस्कृतिक भांडवल' ही कल्पना मांडली. ज्या घरात दोन पिढ्या विमानाने फिरल्या, तिथल्या मुलाला हे सगळे न शिकवताच कळते. आपल्या मुलामुलींना ते रांगेत उभे राहून, चारचौघांत शिकावे लागते. ज्याला नियम माहीत नसतो, त्याला साधी तपासणीही अपमान वाटू शकते. उलट, खरोखर अपमान झाला तरी 'नियमच असेल' म्हणून तो गप्प बसतो. नियम माहीत असला की दोन्हींतला फरक ओळखता येतो, आणि गरज पडली तर ठामपणे विचारताही येते.

म्हणून आमची एक सूचना आहे. आपल्या विहारातून, अभ्यासिकेतून कोणी शिक्षणासाठी किंवा धम्मयात्रेसाठी परदेशी निघाले की आधी प्रवास केलेल्या एकाने संध्याकाळी तासभर त्यांच्यासोबत बसून बॅग भरावी. सत्कार, हारतुरे होतातच. त्याच दिवशी हेही व्हावे.

ती विद्यार्थिनी आता शिक्षण पूर्ण करून नोकरी करते. नव्याने निघणाऱ्या मुलांना तिचा पहिला निरोप ठरलेला असतो : "आईने दिलेले तेल नक्की ने. फक्त आधी बाटलीवरचा आकडा वाच."